गयाआत्या आणि लोखंडी सालदार

मी बी. ए. झालो याचं श्रेय कुणाचं, असं कुणी विचारलं की मी गयाआत्याचं नाव घेतो. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. विचारणाऱ्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "शिकलेल्या होत्या का त्या?" नाही, तिला अक्षरओळख नव्हती. मग पैसे तिनं दिले का? तेही नाही. मग तिनं नेमकं केलं काय, हे सांगताना मी अडखळतो. कारण त्यात मेडशीच्या बाजारातला सिनेमाचा तंबू येतो, पडद्यावरचा लोखंडाचा माणूस येतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हे गृहस्थ विषय सोडून भलतंच बोलू लागले. म्हणून एकदा सगळं लिहून काढतो. लिहूनही त्याचा पुरता उलगडा होईल अशी खात्री मला नाही.

आत्या लग्न होऊन रिसोडकडे गेली होती. नवरा पटकीत गेला आणि ती भावाकडे परत आली, तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. आमचं गाव मेडशीपासून कोसभर आत. घरी कापसाची आणि ज्वारीची शेती, खाऊनपिऊन सुखी. आत्या उंच, वाळकी, चालायला वाऱ्यासारखी. बैलगाडीत बसणं तिला आवडत नसे, गाडीच्या पुढं पुढं चालायची आणि मागं वळून बैलांना म्हणायची, "या ना आता." कुठंही बसायचं झालं की आधी पदरानं जमीन झाडायची, मग ती सारवलेली ओसरी असो की देवळाचा दगडी चौथरा. कुणाशी बोलताना ती त्याच्या तोंडाकडे पाहत नसे, हातांकडे पाही. भाजीवाला, पटवारी, सोयरीक घेऊन आलेला पाहुणा, सगळ्यांचे हात. आईनं एकदा विचारलं तर म्हणाली, "तोंडाकडं पाह्यलं का मले लाज वाटते व. हाताले पाहाले काय जाते?"

तिची खरी ओळख मात्र एका वाक्याची होती. "मले नाही समजलं, पुन्हा सांग." हे ती कुणालाही म्हणायची आणि त्यात तिला कमीपणा वाटत नसे. गावात एक कीर्तनकार बुवा आले होते. ब्रह्माला रंग नाही, रूप नाही, आकार नाही, असं त्यांनी मोठ्या रंगात येऊन सांगितलं. बायांच्या घोळक्यातून आत्या उठून उभी राहिली.

"बुवा, मंग तुमी त्याले वयखलं कसं?"

बुवा हसून म्हणाले, "माय, श्रद्धा ठेव."

"श्रद्धा ठेवली, बुवा. समजलं नाही, येवढंच म्हंते."

बुवांनी झांजा वाजवायला सांगितल्या. घरी आल्यावर वडील तिच्यावर चिडले, तेव्हा ती मनापासून गोंधळली होती. "मी त्याईले खोटं पाडलं का? मी तं इचारलं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

तसंच देवीची लस टोचायला माणूस आला तेव्हाचं. निम्मं गाव शेतात पळालं होतं. आत्यानं हात पुढं केला, टोचून घेतलं, आणि रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभी राहिली. टोचणाऱ्यानं तिला ओळखलं. "बाई, तुमचं झालं ना?" तर म्हणाली, "पह्यल्या वक्ती मी डोये मिटले होते. आता हा दुसरा हात घ्या, मी पाह्यते काय करता ते." त्यानं काही टोचलं नाही, पण तिच्या समाधानासाठी सुई कशी बुडवतो, कशी धरतो ते दाखवलं. रात्री तिला ताप भरला. फणफणत्या तापात आईला सांगत होती, "पाह्यलं सगळं. समजलं कायीच नाही."

मी वाशीमच्या हायस्कुलात शिकायचो. सुट्टीत घरी आलो की अभ्यास मोठ्यानं वाचायची शिस्त होती. आत्या ज्वारी पाखडत शेजारी बसायची. इंग्रजीचा एक शब्द तिला येत नव्हता, पण मधेच सूप थांबवून म्हणायची, "इथं तुह्या आवाज बारीक झाला. हे तुले येत नाही." बहुतेक वेळा तिचं बरोबर असायचं. मी ती जागा पुन्हा वाचायचो, शब्द शोधून काढायचो, आणि आवाज जाडा होईपर्यंत ती पाखडणं सुरू करत नसे.

वडील वाईट नव्हते. बहिणीला त्यांनी कधी उपाशी ठेवलं नाही, कधी हात उगारला नाही. पण घरातला प्रत्येक वाद एकाच वाक्यावर संपायचा. "बायाईले काय समजते त्यातलं?" बैल घ्यायचा असो की बांध घालायचा असो, ते वाक्य आलं की आत्या गप्प व्हायची. आईनं तर बोलणं कधीच सोडून दिलं होतं.

मी मॅट्रिक पास झालो. आमच्या घराण्यात तिथवर कुणी गेलं नव्हतं. हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं, अमरावतीच्या कॉलेजात जा, फी माफ होईल, बोर्डिंगात राहायची सोय होईल. म्हणजे अडचण पैशाची नव्हती, वडिलांच्या होकाराची होती. आणि वडील म्हणाले, पुरे. वाशीमच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कारकून घेणार होते, ती जागा धरायची, सणावाराला घरी यायचं, शेतावर लक्ष ठेवायचं. मी काही बोललो नाही. आत्या बोलली.

"त्याले जाऊ दे रामा. अजून शिकू दे."

"कायले?"

"ते मले नाही मालूम. पन जाऊ दे."

"मालूम नाही तं बोलतं कायले? बायाईले काय समजते त्यातलं?"

तिथं ते संपलं. कॉलेज सुरू व्हायला महिनाभर उरला होता, आणि मी जिनात जाणार असं घरात धरूनच चाललं होतं.

त्याच दिवसांत मेडशीच्या आठवडी बाजारात सिनेमाचा तंबू आला. बोलपट अजून आमच्याकडे पोचले नव्हते. पडद्यावर माणसं तोंड हलवायची, मधेच इंग्रजी अक्षरं यायची, आणि पडद्याशेजारी कंपनीचा एक माणूस वेताची छडी घेऊन उभा राही आणि काय चाललंय ते ओरडून सांगे. त्याला सगळे उस्ताद म्हणत. मशीन हातानं फिरवायचं. तंबूच्या मध्यावर पांढरं कापड ताणलेलं, खेळाआधी त्यावर पिचकारीनं पाणी मारायचे, म्हणजे चित्र आरपार उमटे. कापडाच्या मशीनकडल्या बाजूला पुरुष बसत आणि पलीकडच्या बाजूला बाया. बायांच्या सोयीसाठीच ती रीत पाडली होती. पडदाच आड आल्यावर वेगळी कनात लावायला नको. आपल्याला चित्र उलटं दिसतं, हे पलीकडे बसणाऱ्या बायांना कुणी सांगितलेलं नव्हतं. आणि उस्ताद पुरुषांकडे तोंड करून ओरडायचा, त्यामुळे तिकडे निम्मं ऐकू जाई.

उस्तादाला देवादिकांचे खेळ तोंडपाठ होते. या वेळी मात्र कुठून तरी विलायती रीळ त्याच्या गळ्यात आलं होतं, आणि त्याचा गोंधळ पहिल्या पाच मिनिटांतच सगळ्यांना दिसला. एक दाढीवाला प्रोफेसर घरात लोखंडाचा माणूस तयार करतो. त्याच्या खांद्याला एक कळ. कळ दाबली की तो चालतो, झाडतो, पाणी भरतो. उस्ताद म्हणाला, "देखो भाई, ये साइन्स का आदमी है. न खाता है, न सोता है."

अंधारातून आमच्या गावच्या सखाराम शिंप्याचा आवाज आला, "साल काय घेते हा?"

तंबू हसला. तिथून पुढं तो लोखंडी माणूस सगळ्यांचा सालदार झाला. आमच्याकडे शेतावर वर्षाच्या बोलीनं गडी ठेवतात, त्याला सालदार म्हणतात, आणि त्याच्याबद्दल बोलायला प्रत्येकाकडे काही ना काही होतं.

"भाकर नाही खात? मंग मह्या इकडं पाठवा."

"बिडी पेते का ते इचारा आधी."

"अरे, याचा पाय पाह्य. चिखलात फसन लेका, मंग काढाले चार बैल लागतीन."

लोखंडी सालदार कधी आज्ञेबरहुकूम वागे, तर कधी भलतंच करी. प्रोफेसरच्या पाहुण्याच्या डोक्यावर वाडगाभर सूप ओती, मालकिणीसमोर वाकून नमस्कार करी, पोलिसाला उचलून माळ्यावर ठेवी. उस्ताद दर वेळी म्हणे, "मशीन बिगड गई." मधे मधे इंग्रजी अक्षरं येत आणि अर्थ लागण्याआधी जात. शेवटचं रीळ जळालेलं होतं. लोखंडी सालदार आणि प्रोफेसर समोरासमोर उभे राहिले, आणि पडद्यावर नुसता पांढरा उजेड आला. लोक तसेच बसून राहिले. मग उस्ताद म्हणाला, "खेल खतम." कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी पैसे परत मागितले.

परतीच्या वाटेवर गाडीत वडील, आई आणि मी होतो. शेजारचे चांदभाई पिंजारी गाडीबरोबर पायी चालत होते, आणि आत्या नेहमीसारखी बैलांच्या पुढं. वडील रंगात होते. "मशीन मोठी अजब, पन वक्तावर बिघडते. उजव्या खांद्याची कय ढिल्ली होती त्याची."

पुढून आत्या म्हणाली, "डाव्या."

"उजव्या."

"मी मन लावून पाह्यलं, रामा. डाव्या खांद्यावर होती. आन् बिघडली नोती. त्याच्यात मानूस होता."

"कोनाच्यात?"

"लोखंडाच्यात. कधी कधी रिकामं चाले, कधी कधी आत मानूस राहे. उपाशी मानूस. तुमी पाह्यलं नाही का, सैपाकघरात त्याचा हात कसा भाकरीकडं गेला ते?"

वडील हसू लागले. चांदभाईंनाही हसू आवरेना. "बाई, उस्तादनं तं सांगतलं, मशीन हाय म्हनून."

"उस्तादाले बी समजलं नोतं. त्याची छडी पाह्यली का तुमी? नुसती गरगर फिरे."

"हे पाह्य," वडील म्हणाले, "खांदा कोनता ते तुले धड सांगता येत नाही, आन् आत मानूस हाय म्हंतं. बायाईले काय समजते त्यातलं?"

आत्या थांबली. बैलही थांबले. ती वळून गाडीजवळ आली, आणि मी पहिल्यांदा तिला वडिलांच्या तोंडाकडे बघून बोलताना पाहिलं.

"पुढच्या बाजारी तंबू हाय अजून. मी पुन्हा पाह्यते. आत मानूस निंघाला तं पोरगं अमरावतीले जाईन. नाही निंघाला तं म्या या घरात पुन्हा तोंड नाही उघडनार."

वडिलांना वाटलं, ही थट्टा आहे. "बरं, कबूल. चांदभाई, तुमी साक्षी." चांदभाई म्हणाले, "अल्ला खैर करे." आईनं माझ्याकडे पाहिलं. ती थट्टा नव्हती हे आम्हा दोघांना कळलं होतं. माझ्या मनात तेव्हा काय आलं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. माझं पुढचं सगळं आयुष्य एका विलायती खेळातल्या लोखंडी पुतळ्यावर टांगलं होतं, आणि त्या पुतळ्यात काय आहे हे मलाही माहीत नव्हतं. आत्या हरली तर ती तोंड मिटून बसेल, याची भीती मला कॉलेजपेक्षा जास्त वाटत होती. ती शब्द पाळणारी होती.

आठवडाभर गावात दुसरा विषय नव्हता. खरं सांगायचं तर घरोघरी तोच वाद चालला होता. नवरे उजवा खांदा म्हणत होते, बाया डावा. नवऱ्यांनी मशीन बिघडलेलं पाहिलं होतं, बायांनी आणखीनच वेगवेगळं काही. सखाराम शिंप्याची बायको म्हणे, तो प्रोफेसरचा हरवलेला पोरगा आहे. एकाच तंबूत बसून सगळे दोन वेगळे खेळ पाहून आले होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्याचं डोकं फिरलंय.

बाजाराच्या दिवशी सगळं गाव तंबूत. आत्यानं तिकीट घेतलं आणि सरळ पुरुषांच्या बाजूला आली. दारावरच्या माणसानं आडवा हात घातला. "माई, जनाना उधर."

"तिकिटावर लिव्हलं हाय का कोनती बाजू ते? वाचून सांग मले."

त्यानं तिकीट उलटंपालटं करून पाहिलं. तसं काही लिहिलेलं नव्हतं. तो उस्तादाकडे पाहू लागला, उस्ताद पिचकारी भरण्यात गुंतला होता. तेवढ्यात आत्या आत गेली, पदरानं वडिलांशेजारची जमीन झाडली आणि बसली. विधवा बाई, भर पुरुषांत. वडिलांनी मान दुसरीकडे वळवली. मागून कुणी तरी खाकरलं. चांदभाई सरकून आत्याच्या पलीकडे बसले, म्हणजे एका बाजूला भाऊ आणि एका बाजूला ते.

खेळ सुरू झाला. कळ दिसताच आत्या मोठ्यानं म्हणाली, "अरे, इकडून तं उजवा दिसते."

सगळे हसले. वडिलांचा चेहरा खुलला. "म्हनलं नोतं मी?"

आत्या उठली, कापडाला वळसा घालून पलीकडे गेली, थोडा वेळ थांबली आणि परत आली. "तिकडून डावाच हाय. आता तू जाऊन पाह्य."

"मी? बायाईत?"

"मी आली ना मानसाईत."

वडील गेले नाहीत. रीळ बदलायला दिवा लावला तेव्हा आत्यानं उस्तादालाच विचारलं, असं कसं होतं ते. उस्ताद कापडापाशी गेला, त्यानं एका बाजूनं आपला पंजा लावला आणि तिला दुसऱ्या बाजूनं बघायला सांगितलं. "कपडा एक है माई, बाजू दो. इधर का सीधा, उधर का उल्टा." आत्या बराच वेळ पंजा बघत राहिली. मग परत येऊन वडिलांना म्हणाली, "खांद्यात तुह्यंबी बरोबर, मह्यंबी बरोबर. बायाईले उलटं दाखवून राह्यले हे लोकं, आन् सांगत बी नाहीत."

पलीकडून बायांचा गलका झाला. एकीचं म्हणणं इकडे स्पष्ट ऐकू आलं, "आमचे पैशे का उलटे घेतले होते?"

मग सैपाकघराचं रीळ आलं. उस्तादानं सुरुवात केली, "मशीन रोटी बना रही है," आणि आत्या उभी राहून म्हणाली, "उस्ताद, छडी हालवू नका. सगळे जन हात पाहा. त्याचा हात."

लोखंडी सालदार चुलीपाशी उभा होता. मालकीण पाठमोरी झाली. लोखंडी हात हळूच ताटाकडे गेला, पाव उचलला आणि छातीच्या फटीतून आत सरकवला. मग तोंड पुसावं तसा तो हात लोखंडी जबड्यावरून फिरला.

आधी सखाराम ओरडला, मग सगळा तंबू. "अरे मानूस हाय. भाकर खाल्ली त्यानं." लोकांनी रीळ पुन्हा मागितलं. मशीनवाल्यानं उलटं गुंडाळून पुन्हा लावलं. पुन्हा तोच हात, तोच पाव. उस्ताद क्षणभर थांबला आणि म्हणाला, "अंदर आदमी है भाई, भूका आदमी." त्यावर जास्तच हशा झाला. चांदभाईंनी वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. "रामभौ, पोराचा बिस्तरा बांधा आता."

मला वाटलं, झालं.

पुढच्या रिळात प्रोफेसरनं लोखंडी सालदाराला खुर्चीवर बसवलं आणि पान्यानं त्याचं डोकं काढलं. आत काही नव्हतं. चाकं, तारा, आणि पोकळी. त्यानं छाती उघडली, तिथंही माणूस नव्हता. लोखंडी हात तरीही हलत होता.

पहिल्या दिवशी हेच रीळ हशाच्या गोंधळात निघून गेलं होतं, कुणी नीट पाहिलंच नव्हतं. आज प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघत होता. "मंग भाकर कोनी खाल्ली?" कुणी तरी हळू आवाजात विचारलं. उस्तादानं छडी खाली ठेवली आणि नंतर काही बोललाच नाही. पडद्यापाशी बसणाऱ्या कंपनीच्या पेटीवाल्यानं आपल्या मनानं काहीबाही वाजवलं. शेवटी पुन्हा तो पांढरा उजेड आला आणि खेळ संपला.

वडिलांनी विचारलं, "आता काय म्हंतं?"

आत्या अजून त्या पांढऱ्या कापडाकडेच बघत होती. "आता मलेबी समजून नाही राह्यलं."

परतताना ती गाडीत बसली. मी तिला गाडीत बसलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यामुळे मला जास्त भीती वाटली. चांदभाई साक्षीदार म्हणून काय बोलावं या विवंचनेत होते. "पैज कोनी जितली म्हना," ते म्हणाले, "मले तं कायी सांगता नाही येत. मानूस होताबी, आन् नोताबी."

"होता तवा होता," आत्या म्हणाली. पण तिच्या आवाजात जोर नव्हता.

मग वडील माझ्याकडे वळले. आठवडाभर त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नव्हतं. हा आपल्याच फायद्याचं बोलणार, असं ते म्हणाले होते. आता दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"तुले इंग्रजी येते. काय लिव्हलं होतं मधात मधात?"

मला खोटं बोलता आलं असतं. माणूस होता, असं एक वाक्य पुरलं असतं. पण आत्या माझ्याकडे बघत होती, आणि मला ते जमलं नाही. "बा, अक्षरं वाचता आली. अर्थ नाही लागला. आमच्या पुस्तकात असं इंग्रजी नोतं. काही शब्द तं मी कधी ऐकलेबी नाहीत."

"मॅट्रिक होऊन बी नाही समजत?"

"नाही."

वडील खरंच चकित झाले होते. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. "येवढी वर्सं वाशीमले राहून, दिवे जायून, मंग काय शिकला तू?"

आणि आत्या एकदम सरळ होऊन बसली.

"तेच म्हनून राह्यली ना मी, रामा. त्याचं शिकनं अर्धं झालं. अर्ध्यावर सोडलं तं हे असंच होईन. कारकून होईन, आन् कागदावर काय लिव्हलं ते त्याले समजनार नाही. तुले नाही समजत, मले नाही समजत, उस्तादाले नाही समजत. येकाले तरी समजू दे."

वडिलांनी बैलांना उगाच हाक दिली. चांदभाई अंधारात हसले. वडिलांचं ते नेहमीचं वाक्य येईल म्हणून मी वाट बघत होतो. गाव आलं, बैल सोडले, हातपाय धुऊन झाले, तरी ते आलं नाही. सकाळी न्याहारी करताना त्यांनी भाकरीवरून नजर न काढता विचारलं, "कधी निंघाचं हाय अमरावतीले?"

तर हे असं झालं. मी कॉलेजात गेलो ते मला काही येतं म्हणून नाही, येत नाही म्हणून. ही गोष्ट मी मित्रांना सांगतो तेव्हा ते हसतात. मीही हसतो. पण एक मला खरंच कळलेलं नाही. आत्याला माझ्या शिकण्यातून काय हवं होतं? बी. ए. म्हणजे काय, हे तिनं कधी विचारलं नाही. मी साहेब व्हावं, नाव काढावं, असं ती कधी बोलली नाही. सुट्टीत गेलो की आवाज ऐकायला बसायची, एवढंच. एकदा मी तिला विचारलंही. ती म्हणाली, "मले नाही मालूम बापू. जाऊ देवासं वाटलं." तिच्याकडून याहून जास्त काही निघालं नाही.

तिला शेवटची पाहिली ती वाशीमच्या स्टेशनावर. शेवटच्या परीक्षेआधीची सुट्टी संपवून मी अकोल्याच्या गाडीत बसलो होतो. वडील फलाटावर उभे होते, आत्या दिसेना. गाडीनं शिटी दिली. मी खिडकीतून डोकं काढून दोन्हीकडं बघत होतो, वडीलही वळून वळून शोधत होते. तेवढ्यात डब्यातले एक गृहस्थ म्हणाले, "तिकडच्या अंगाले कोनी बाई हात करून राह्यली." मी दुसऱ्या खिडकीशी धावलो. आत्या रूळ ओलांडून गाडीच्या पलीकडे गेली होती, खडीवर उभी होती. पदर कमरेला खोचलेला. ती माझ्याकडे बघत नव्हती. चाकं फिरू लागली होती, त्यांच्याकडे वाकून बघत होती. माझ्या हाकेवर तिनं मान वर केली, काही तरी बोलली. चाकांच्या आवाजात ते मला ऐकू आलं नाही.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात ती गेली. त्याआधी माझं एक पत्र तिला पोचलं होतं. वडिलांनी नंतर सांगितलं, पोस्टमननं दारात नाव पुकारलं तेव्हा ते म्हणाले, "मह्यंच असन, आन." पोस्टमन म्हणाला, "नाव बाईचं हाय." आमच्या घरात बाईच्या नावानं आलेलं ते पहिलं पत्र. शाळेच्या गुरुजींनी वाचून दाखवलं. तिचं उत्तर आलं, आणि मी ते पाळलं. चारचौघांत वाचलं जाणार म्हणून पत्र मी आधी कच्चं लिहून काढलं होतं. ते माझ्याजवळ राहिलं आहे.

तीर्थस्वरूप गयाआत्येस बापूचा नमस्कार.

हे पत्र तुझं आहे. गुरुजी वाचून दाखवतील. ते भरभर वाचू लागले तर त्यांना थांबव आणि पुन्हा वाचायला सांग. ते रागावणार नाहीत. मी त्यांना वेगळं कळवलं आहे.

मी पास झालो. वर्गात फार वरचा नाही, पण पास झालो. आईला सांग. चांदभाईंना सांग.

आता दोन गोष्टी समोर आहेत. वाशीमच्या हायस्कुलात मास्तराची जागा मिळते आहे. घरापासून जवळ, बा म्हातारे होत चालले, शेतावर लक्ष राहील. दुसरं म्हणजे नागपूरला अजून दोन वर्षं शिकायला ठेवून घेतो असं एक प्रोफेसर म्हणतात. पुढं काय होईल ते त्यांनाही सांगता येत नाही. मी सगळा विचार केला, आत्या, आणि मला काही समजत नाही. इथं सगळे मला आता समजदार मानतात, त्यामुळे कुणाला विचारायची सोय राहिली नाही.

बांचं पत्र आलं होतं, केव्हा येतो म्हणून. मी त्यांना लिहिलं आहे, आधी आत्याला विचारतो. ते ऐकून त्यांना बरं वाटणार नाही हे मला माहीत आहे. तू माझ्या वतीनं त्यांच्यापुढं हात जोड, पण मत बदलू नकोस.

तू सांगशील तसं करीन. कारण सांगता आलं नाही तरी चालेल. उत्तर गुरुजींकडून लिहून घे. बा शेजारी बसून बोलू लागले तर त्यांना बोलू दे, सगळं ऐकून घे. कागदावर मात्र तुझंच म्हणणं येऊ दे.

तुझा,
बापू